जुन्या गाडीत दर पावसाळ्यात पाणी : आधी गटरची पट्टी न वाकवता काढा

लक्षण नेहमीचंच. दोन दिवस झड लागली की सकाळी गाडीचं दार उघडताच कुबट वास येतो. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खालचा फेल्ट ओलागच्च. कधी पाणी मागच्या सीटच्या पायाशी साचतं, कधी छताच्या अस्तरावर चहाच्या रंगाचा डाग उमटतो. गॅरेजला दाखवलं की मिस्त्री छताच्या कडेनं सिलिकॉनची ट्यूब फिरवून देतो. पुढचे सहा-सात महिने गाडी कोरडी राहते, कारण पाऊसच नसतो. जून आला की पहिले पाढे पंचावन्न.

हे लिहितोय ते छताच्या कडेला पत्र्याची उघडी पन्हळ, म्हणजेच गटर, असलेल्या गाड्यांसाठी. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर, ओम्नी, आणि ज्यांच्याकडे अजून आहे त्यांची जुनी जीप. दरवाजाच्या बीडिंगचा (चौकटीभोवतीच्या रबराचा) आणि काचेच्या पट्टीचा भाग मारुती ८०० वाल्यांनाही तसाच्या तसा लागू आहे. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षं कधीच उलटली, अँबॅसिडर आणि ८०० या दोन्ही २०१४ साली बंद झाल्या. म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यात नव्या ८०० चं रबरसुद्धा आता म्हातारं झालंय. त्यामुळे ‘गाडी जपून वापरलीय, गळणार कशी’ हा युक्तिवाद इथं चालत नाही. रबर आणि सीलर (पत्र्याच्या जोडातल्या फटी भरणारा लेप) उभ्या गाडीतही कडक होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: गळती पन्हळीवर बसवलेल्या पट्टीत नसते, पट्टीखाली असते. पट्टी न काढता वरून जे काही माराल, ते पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडून ठेवेल. आणि पट्टी काढायची तर ती परत बसेल अशीच काढावी लागते, कारण पद्मिनीची नवी पट्टी आज दुकानात मागायला गेलात तर दुकानदार आधी तुमच्याकडे आणि मग गाडीकडे बघतो.

आधी पाणी येतं कुठून ते बघा

पाणी जिथं दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. पत्र्याच्या आतल्या बाजूनं ते ओघळत जातं आणि एखादी कड, स्क्रू किंवा वायर सापडली की तिथं टपकतं. गाडी उतारावर उभी असेल तर टपकायची जागाच बदलते. आमच्या कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या चढाच्या बोळात पुढं गळणारी गाडी रंकाळ्याच्या सपाट रस्त्यावर मागं गळते, आणि मालक म्हणतो दोन ठिकाणी भोकं आहेत.

तपासणी दोघांनी करायची. एकानं बॅटरी घेऊन आत बसायचं. मॅट, फेल्ट, जमलं तर दरवाजाचं पॅड (आतल्या बाजूचं आवरण) काढून पत्रा उघडा ठेवायचा. दुसऱ्यानं बाहेरून साध्या पाइपनं, जोर न देता, पाणी सोडायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप अजिबात नको, त्यानं नव्या गाडीतही पाणी शिरतं आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता. सुरुवात खालून करा: आधी फक्त दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, मग समोरच्या काचेचं रबर, मग वायपरच्या खालची जाळी, आणि शेवटी छताची पन्हळ. प्रत्येक जागेवर चार-पाच मिनिटं थांबा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून खाली येईल आणि काहीच कळणार नाही.

पन्हळीवर पाणी सोडल्यावर आत बसलेल्याला काचेच्या बाजूच्या खांबातून, म्हणजे पुढच्या पिलरमधून, बारीक ओघळ दिसला तर तुमचा रोग सापडला. अस्तराच्या कडेला ओल दिसली तरी तेच. मात्र पाणी वायपरखालच्या जाळीतून येत असेल तर पट्टीला हात लावायची गरज नाही. त्या जाळीखाली पाणी वाहून जायला मोऱ्या असतात आणि झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या मोऱ्या पाल्यानं तुंबलेल्या असतात. गुलमोहराची बारीक पानं त्यात सगळ्यात वाईट, जाळीतून सरळ आत जातात. तारेनं मोरी मोकळी करा, पाण्यानं धुवा, काम संपलं.

बीडिंग नीट टेकते का हे बघायला पाणीसुद्धा लागत नाही. वर्तमानपत्राची पट्टी फाडून दारात धरा, दार लावा आणि पट्टी ओढा. घट्ट ओढावी लागली तर रबर टेकतंय. सहज सुटून आली तर नाही. दर वीतभर अंतरावर असं करत दाराभोवती फिरलं की नेमकी जागा कळते. किंवा चौकटीच्या पत्र्यावर खडू घासा आणि दार लावून उघडा. रबरावर खडूची रेघ जिथं तुटते तिथून वारा आणि पाणी येतंय.

दरवाजात पाणी जाणं हा दोष नाही

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. काच खाली-वर होते तिथल्या बाहेरच्या रबरी पट्टीतून थोडं पाणी दरवाजाच्या पोटात जातंच. नव्या गाडीतही जातं. ते तसं धरूनच दार बनवलेलं असतं. आत गेलेलं पाणी खाली उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडतं. ते गाडीच्या आत येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या मागं प्लॅस्टिकचा कागद डकवलेला असतो.

आता आठवा, तुमच्या गाडीत स्पीकर कधी बसवले? सेंट्रल लॉक कधी लावलं? काचेची मशीन कधी बदलली? त्या दिवशी तो कागद फाडून बाजूला टाकला गेला आणि परत लावला नाही, अशी शक्यता दहातल्या नऊ गाड्यांत असते. हा माझा अंदाज आहे, पण पॅड काढून बघा म्हणजे पटेल. कागद नसेल तर जाड प्लॅस्टिक दाराच्या मापानं कापून ब्युटाइल टेपनं (मऊ, चिकट रबरी टेप) चिकटवा. कागदाची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या पोटात सोडायची, म्हणजे पाणी आतल्या आत उतरतं. ती कड पॅडच्या बाजूला राहिली तर सगळा खटाटोप वाया.

आणि तळाची छिद्रं. अंडरबॉडीला काळा कोट मारताना ती हमखास बुजतात. दार उघडून खालच्या कडेला बोट फिरवा, सायकलच्या स्पोकनं छिद्र मोकळं करा. दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल तर खाली घमेलं धरा, बऱ्यापैकी पाणी निघेल.

इथं एक आडवळण घेतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर, शिरोळ, सांगली पट्ट्यात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या बऱ्याच नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्या. जुनी गाडी घेताना डोअर पॅड काढून बघता आलं तर जरूर बघा. पुरात बुडालेल्या गाडीच्या दाराच्या पोटात, काचेच्या रुळाच्या मागं, पंचगंगा-कृष्णेचा गाळ बारीक पिठासारखा बसलेला असतो. बाहेरून कितीही पॉलिश करा, तो गाळ तिथून जात नाही. तो परत ओला झाला की छिद्रं बुजवतो आणि पत्रा आतून खातो. अशा गाडीला गटरची पट्टी काढून काही उपयोग नाही, तिचा आजार खालून वर चढलाय.

हत्यारं

फार काही लागत नाही. रुंद प्लॅस्टिकची उचकटायची पट्टी. ती नसेल तर स्वयंपाकघरातलं जुनं प्लॅस्टिकचं उलथणं तासून घ्या. मास्किंग टेप, धारदार कटर, हेअर ड्रायर, साबणाचं पाणी, रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४०, गळाची तंगूस, आणि सोड्याच्या बाटलीचं टोपण काढायचा साधा लोखंडी ओपनर. ओपनर वाचून हसू नका, खाली कळेल. स्क्रू ड्रायव्हर शक्यतो खिशातच ठेवा. पट्ट्या वाकतात त्या मुख्यतः स्क्रू ड्रायव्हरमुळं.

काम उन्हाळ्यात करा. एप्रिलच्या उन्हात गाडी तासभर उभी केली की रबर आणि जुना सीलर दोन्ही मऊ पडतात, ड्रायर चालवायची वेळही येत नाही. मे महिन्यात वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही आणि पन्हळ उघडी असताना वळवानं गाठलं तर आतलं अस्तर गेलंच म्हणून समजा. उसाच्या हंगामात तर मुळीच नको. साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांना माहीत आहे, नोव्हेंबर ते मार्च गच्चीवर, धुण्यावर आणि गाडीवर बगॅसची (जळालेल्या उसाच्या चिपाडाची) काजळी पडते. ती ओल्या सीलरवर बसली की सीलर नीट धरत नाही.

पन्हळीवरची पट्टी

छताचा वरचा पत्रा आणि बाजूची चौकट जिथं एकत्र येतात, तिथं दोन्हीच्या कडा एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं. तीच कड बाहेर वळून पन्हळ होते. स्पॉट वेल्ड म्हणजे सलग जोड नव्हे, दोन टाक्यांच्या मधे फट राहतेच. कारखान्यात ती सीलरनं भरतात. काही दशकांनी सीलर आकसतो, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगा पाणी ओढून घेतात. वरून बघितलं तर रंग जागच्या जागी दिसतो. त्यावर चकचकीत पट्टी असेल तर तेवढंही दिसत नाही. पट्टीखाली धूळ, काजळी, पाला अडकतो आणि पाऊस थांबला तरी तो आठवडाभर ओला राहतो. ओघळ पिलरमधून पायाशी येतो तो इथून.

सगळ्या गाड्यांना कंपनीची पट्टी नसते. काहींना स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची चकचकीत पट्टी असते, काहींना नंतर कुणीतरी दुकानातून आणलेली काळी किंवा क्रोम मुलाम्याची रबरी यू बीडिंग चढवलेली असते. यू बीडिंग सोपी: मागच्या टोकापासून हातानं वर ओढत या, निघते. तुटली तर नवी मिळते.

खरी कसरत धातूच्या पट्टीची. तिची वरची कड पन्हळीच्या आत अडकलेली असते आणि खालची कड पन्हळीच्या ओठाखाली चापासारखी बसलेली असते. सुटते ती खालून. नखानं चाचपून बघा, कोणत्या बाजूची कड मोकळी हलते ते कळतं. जिकडं नख जातं तिकडून सुरुवात.

पण त्याआधी दोन कामं. पहिलं, दोन्ही टोकं तपासा. समोरच्या काचेच्या खांबाजवळ किंवा मागच्या टोकाला बारीक स्क्रू असू शकतो आणि तो रंगाखाली दडलेला असतो. पट्टी दोन तुकड्यांची असेल तर जोडावर छोटी टोपी असते, ती आधी सरकवून काढा. दुसरं, पट्टी आणि पत्रा यांच्या मधल्या रेघेवरून कटरचं पातं हलक्या हातानं फिरवा. जुन्या गाडीवर रंगाचे थर चढलेले असतात, त्यात मागच्या वर्षीचं सिलिकॉन. रेघ कापली नाही तर पट्टीसोबत रंगाची साल छतापर्यंत सोलून येते आणि पट्टी काढायला घेतलेलं काम पूर्ण पेंटिंगवर जातं.

मग खालच्या कडेला रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी दरवाजाच्या वरच्या कडेवर आणि छतावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. ओपनरच्या टोकालाही टेप गुंडाळा. ओपनरची चोच पट्टीच्या खालच्या कडेत अडकवा आणि मनगट हलकेच बाहेरच्या बाजूला वळवा. टिक असा आवाज येऊन इंचभर कड सुटेल. लगेच पुढचा इंच. मागच्या टोकापासून पुढं, एकेक इंच, आणि सुटलेला भाग वर न उचलता तसाच लोंबता ठेवायचा. पट्टी वाकते ती इथंच. वीतभर कड सुटली की हात शिवशिवतात आणि माणूस टोक धरून वर ओढतो. जिथं पट्टी अजून धरलेली आहे तिथं ती कायमची दुमडते. स्टीलची पट्टी थोडाफार ताण सहन करते, आतून लाकडी ठोकळा फिरवून सरळही होते. अॅल्युमिनियमला एकदा मोड पडली की ती रेघ जात नाही, पॉलिशनं उलट जास्त चमकून दिसते.

खालची कड पूर्ण लांबीभर सुटल्यावरच दोघांनी दोन टोकं धरून पट्टी वर-बाहेर अशी एकदम उचलायची.

उद्यमनगरात एका मिस्त्रीला मी हे करायला सांगितलं तेव्हा तो सरळ म्हणाला, “साहेब, ही काढली की वाकणार. नंतर मला बोलायचं न्हाई.” त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. गॅरेजला घाई असते, एका गाडीच्या पट्टीवर अर्धा दिवस घालवणं त्याला परवडत नाही. म्हणूनच हे काम रविवारी घरी करायचं आहे. पत्रा उघडा झाला की पुढचं काम मिस्त्रीकडं द्या, त्यात त्याचा हात तुमच्यापेक्षा बरा असतो.

काढलेली पट्टी भिंतीला उभी टेकवू नका, स्वतःच्या वजनानं मधे झोल येतो. वेळूची सरळ काठी घ्या, तिला पट्टी तीन-चार ठिकाणी सुतळीनं सैल बांधा आणि आडवी ठेवा. टेपवर ‘डावी, पुढचं टोक’ असं लिहून चिकटवा. डावी-उजवी सारखीच दिसते, बसवताना मात्र जुळत नाही.

आता पन्हळीत बघा. माझ्या पद्मिनीच्या डाव्या बाजूला, ड्रायव्हरच्या पलीकडच्या दारावर, पट्टीखाली काळ्या मातीचा बोटभर थर होता आणि त्यात शेवाळ धरलेलं. ती ओली माती टूथब्रशनं काढल्यावर खालचा सीलर शाबूत वाटत होता. नखानं दाबला तर शिळ्या भाकरीसारखा तुटला, आणि तुकड्याच्या खालच्या बाजूला गंजाचा ठसा जसाच्या तसा. वरून सिलिकॉनची पांढरी रेघ मात्र नवी कोरी. पाणी त्या रेघेच्या मागच्या टोकातून शिरत होतं आणि पुढं निघायला त्याला वाटच नव्हती.

सामानाचं कॅरिअर लावत असाल तर त्याच्या क्लॅम्पच्या जागा खास बघा. कॅरिअरचा सगळा भार पन्हळीवर येतो, तिथं ओठ खाली दबलेला असतो आणि सीलरची भेग बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

डोअर व्हायझर आणि चिकटवलेल्या पट्ट्या

काचेवरचे प्लॅस्टिकचे व्हायझर फोमच्या दुहेरी टेपनं लावलेले असतात. ड्रायरनं गरम करा, तंगूस दोन्ही हातांना गुंडाळून टेपच्या मधून करवतीसारखी पुढं-मागं चालवा. व्हायझर तुटत नाही, रंग निघत नाही. राहिलेला गोंद रॉकेलच्या फडक्यानं चोळून काढा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा थिनर वापरू नका. जुन्या गाडीवर नंतर मारलेला रंग इनॅमल किंवा एनसी असेल तर थिनर गोंदासोबत रंगही उचलतो.

काचेच्या बाहेरची पट्टी

दाराच्या पत्र्यावर, काचेला घासत असते ती. रबर कडक झालं की काचेवर उभ्या रेघा उठतात आणि काच खाली करताना कुरकुरते. काच पूर्ण खाली घ्या. पट्टीच्या टोकाला स्क्रू आहे का बघा. दार उघडल्यावर कडेला दिसतो. बाकीची पट्टी क्लिपांवर किंवा पत्र्याच्या ओठावर दाबून बसवलेली असते. टेप लावलेली प्लॅस्टिकची पट्टी खाली सरकवा आणि सरळ वर उचला, बाहेर खेचू नका. बाहेर खेचलं की पत्र्याचा ओठ उमलतो आणि नवी पट्टी बसली तरी काचेपासून दूर राहते.

क्लिपा गंजलेल्या असतात. काही तुटतात, काही दाराच्या पोटात पडतात. पोटात पडलेल्या क्लिपा चुंबकानं काढा, नाहीतर खड्ड्यात गाडी आपटली की दारात खुळखुळ ऐकत बसा. जुन्या क्लिपचं माप घेऊन स्प्रिंगच्या पट्टीतून तशी क्लिप करून घेता येते. उद्यमनगरात असली बारीकसारीक कामं करणारे कारागीर अजून आहेत, फक्त नमुना हातात घेऊन जा, तोंडी वर्णनावर कुणी काम घेत नाही.

पद्मिनीच्या पुढच्या दाराची त्रिकोणी काच वेगळी डोकेदुखी. तिचं रबर कोपऱ्यात आकसतं आणि थेट मांडीवर पाणी येतं. ते रबर बदलण्यावाचून उपाय नाही. दुकानात मिळालेलं नवं रबर बसवायच्या आधी जुन्याशेजारी ठेवून कोपरा जुळवून बघा.

८०० वाल्यांसाठी: काचेच्या हँडलमागं घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. जुनं फडकं हँडल आणि पॅडच्या मधे घालून दोन्ही बाजूंनी पुढं-मागं ओढलं की क्लिप उडून बाहेर येते. कुठं उडते तेवढं बघा.

दाराची बीडिंग

दोन प्रकार. आत पत्र्याचा कणा असलेली, चौकटीच्या कडेवर नुसती दाबून बसणारी. ती हातानं ओढली की निघते. दुसरी सोल्युशननं चिकटवलेली. तिला ड्रायर आणि प्लॅस्टिकची पट्टी. नवी लावताना जुन्या सोल्युशनचा कणही पत्र्यावर राहू देऊ नका.

नवी बीडिंग ताणून लावू नका. लावताना छान घट्ट दिसते, महिनाभरात रबर आपल्या मूळ लांबीवर येतं आणि कोपरे उचलले जातात. उलट थोडी ढकलत, किंचित ढिली बसवायची. जोड चौकटीच्या तळाशी मधोमध यावा, कोपऱ्यात कधीच नको. आणि दार आधीपेक्षा जड लागायला लागलं तर घाबरून लॉकची पट्टी सरकवू नका. नवं रबर काही दिवसांत दबतं.

बीडिंग बदलूनही दार नीट टेकत नसेल तर दोष बिजागरीचा आहे. दार अर्धं उघडून हातानं वर उचला. हललं तर बिजागरीची पिन झिजलीय. जाड बीडिंग घालून तो दोष झाकता येत नाही.

समोरच्या काचेच्या रबराला घरी हात लावू नका. काच कडेला दाबली गेली की तडकते. एवढंच सांगतो: काच परत बसवताना मिस्त्री रबराच्या खाचेत दोरी घालून, साबणाचं पाणी लावून, आतून दोरी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवतो का, ते बघा. स्क्रू ड्रायव्हरनं ओठ उचकत असेल तर त्याला थांबवा.

उघडलेल्या पन्हळीचं काय करायचं

जुना सीलर आणि सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा. पूर्ण म्हणजे पूर्ण. सिलिकॉनचा पातळ थर जरी राहिला तरी त्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. तारेचा ब्रश, मग वॉटर पेपर, मग रॉकेलचा तेलकटपणा जाईपर्यंत पुसणं. गंज वरवरचा असेल तर फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर लिहिलंय तितका वेळ ठेवा, वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर. टोच्या मारून बघितल्यावर पत्रा आरपार गेला तर तिथं लांबी (पुट्टी) भरू नका. लांबी ओल धरते आणि एक-दोन पावसाळ्यांत फुगून सुटते. छोटा तुकडा वेल्ड करून घ्या.

मग पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलर. हार्डवेअरच्या दुकानातलं, लावल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन नको. तो वास अॅसेटिक अॅसिडचा असतो आणि ते उघड्या पत्र्यावर गंजाला आमंत्रण देतं. बाथरूमच्या फरशीला ते ठीक आहे. सीलर बोटानं दाबून फटीत घुसवा, वरून गुळगुळीत करा, आणि पन्हळीचा उतार पुढं-मागं मोकळा ठेवा. सीलरचा बांध झाला तर पाणी तिथं साचून राहील. पूर्ण वाळल्यावर रंग, रंग वाळल्यावर पाइपनं परत तपासणी. पट्टी अजून काठीलाच बांधलेली आहे, हे विसरू नका. आधी उघड्या पन्हळीवर पाणी सोडून आत कोरडं आहे याची खात्री करा, मगच पट्टी चढवा.

चढवताना उलटा क्रम. वरची कड आत अडकवा, मग खालची कड तळहातानं दाबत पुढून मागं या. अडली तर लाकडाचा तुकडा ठेवून रबरी हातोडीचा हलका ठोका. आतल्या बाजूला मेणाचा पातळ हात दिला तर पुढच्या वेळी काढायला सोपी जाते.

जुलै चालू आहे आणि गाडी आत्ता गळतेय

मग वरचं काहीच करू नका, ओल्या पत्र्यावर सीलर धरत नाही. पन्हळीतला पाला-माती टूथब्रशनं काढा, दाराची छिद्रं आणि वायपरखालच्या मोऱ्या मोकळ्या करा. निम्म्या गाड्यांचं पाणी एवढ्यानंच कमी होतं. भेग सापडली असेल तर फडक्यानं आणि ड्रायरनं ती जागा कोरडी करून ब्युटाइल टेप दाबून लावा. दिसायला ओंगळ, पण एप्रिलमध्ये ती स्वच्छ निघते, सिलिकॉन निघत नाही. कडक बीडिंगला सिलिकॉन ग्रीसचा हात द्या. रबराला साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ते फुगतं.

आणि मॅटखालचा फेल्ट बाहेर काढाच. वरून कोरडा वाटला तरी खालून तो भिजलेलाच असतो आणि तळाचा पत्रा तिथंच सडतो. पावसात तो वाळणार नाही, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत गाडी उघड्या पत्र्यावर, नुसत्या रबरी मॅटवर चालवा. गाडी थोडी जास्त आवाज करेल, पण रोज सकाळी मॅट उचलून बघता येईल की पाणी कुठून आलं.